ऐकू येतंय का, काका?

हो, येतंय. अगदी स्पष्ट येतंय. मी अर्धेकाका बोलतोय.

आजवर कितीतरी माणसांनी माझे खांदे हलवून मला हा प्रश्न विचारला आणि मी कुणालाच उत्तर दिलं नाही. उत्तर न देणं हेच माझं काम. मी प्रथमोपचाराच्या वर्गातला रबरी पुतळा आहे. डोकं, मान, छाती, पोट. त्याच्यापुढे काही नाही. पाय नाहीत म्हणून पहिल्याच तुकडीतल्या एका वात्रट मुलीनं मला 'अर्धेकाका' म्हटलं, आणि ते नाव जे चिकटलं ते चिकटलंच.

देवानं माणसाच्या छातीत काळीज ठेवलं. माझ्या छातीत कारखान्यातल्या कारागिरानं एक ताठ स्प्रिंग बसवली आणि तिच्याखाली पत्र्याची चकती. कुणाचं हृदय बंद पडलं तर बाहेरून छाती जितकी खोल दाबावी लागते, तितकी दाबली की माझी चकती 'टक्क' वाजते. कमी दाबलं तर मी गप्प. माणूस म्हणून मी खोटाच, पण माझा टक्क खरा होता.

ज्या केंद्रात मी आलो तिथे घरोघरी जाऊन आजारी-म्हाताऱ्यांची शुश्रूषा करणाऱ्या बायका शिकायच्या. शिकवायला होत्या बाई. उभा जन्म इस्पितळात नर्स म्हणून काढलेल्या, आवाज करवतीसारखा, पण मन लोण्याचं. रोज वर्ग संपला की माझं तोंड ओल्या फडक्यानं पुसायच्या आणि म्हणायच्या, "दमलात ना काका? पडा आता." मी पडलेलाच असायचो.

त्याच वर्गात वहिनी आली. घरी नवरा आणि सासरे. सासऱ्यांचं कपडे शिवायचं छोटं दुकान. सुनेनं शिकावं हा हट्ट त्यांचाच. तिला सोडायला यायचे आणि बाहेरच्या बाकावर चष्मा पुसत बसायचे. एकदा त्यांनी आत डोकावून पाहिलं, तर माझ्या शर्टाची बटणं सगळ्यांनी ओढून तोडलेली. दुसऱ्याच आठवड्यात माझ्यासाठी नवा निळा शर्ट आला, पटकन उघडावा म्हणून टिचबटणं लावलेला. "काका, बिनबाह्यांचा शिवलाय. मापं नजरेनंच घेतली, सांभाळून घ्या," म्हणाले. मला मिळालेली ती एकच भेट. अजून अंगावर आहे.

वहिनीचे हात मात्र फार मऊ. ती माझी छाती अशी दाबायची, जशी कणीक भिजली का बघतात.

"वाजलं नाही, वहिनी," बाई म्हणायच्या.

"पण दुखेल हो त्यांना!"

"ज्याचं काळीज थांबलंय त्याला कसलं दुखणं? कोपर ताठ ठेव आणि सगळं अंग घाल त्यात. बरगडी मोडली तर सांधता येते, बाई माझे. माणूस गेला तर काय सांधशील?"

वहिनी परीक्षेत नापास झाली. आणखी बऱ्याचजणी झाल्या. बाईंनी कुणालाच सूट दिली नाही. "पुन्हा शिका, पुन्हा या" एवढंच म्हणाल्या. त्यानंतर काही दिवसांतच त्या निवृत्त झाल्या. जाताना मला पुसून गेल्या.

मग केंद्राचे सर स्वतः शिकवायला लागले. गोड बोलायचे, कुणाला दुखवायचे नाहीत. त्यांना नापास हा शब्दच सहन व्हायचा नाही. "नापास झालेली बाई चार जणींना सांगते, की तिकडे जाऊ नका. मग केंद्र चालायचं कसं?" एका दुपारी दार लावून त्यांनी माझी छाती उघडली. ताठ स्प्रिंग काढली आणि कसल्याशा खेळण्यातली लेचीपेची बसवली. स्क्रू आवळताना माझ्याकडे बघून हसले. "काका, आता तुम्हीसुद्धा जरा समजूतदार व्हा."

त्यानंतर माझ्यावर नुसता तळवा टेकला तरी मी टक्क वाजायला लागलो.

बाहेरून परीक्षक यायचे ते पलीकडच्या खोलीत चहा घेत बसायचे आणि आवाज ऐकून गुण द्यायचे. टक्क वाजलं की बरोबर. उठून इकडे यायचे कष्ट कशाला? त्या वेळी सगळी तुकडी पास झाली. वहिनीसुद्धा. हात तेच, मऊ. पण तिला वाटलं, देवानं ऐकलं आपलं.

संध्याकाळी सासरे मुद्दाम आत आले. माझ्या शर्टाची कॉलर नीट केली आणि हळूच म्हणाले, "काका, आमच्या सूनबाईला पास केलंत. उपकार झाले."

मला दात असते तर मी ते आवळले असते.

पुढे वहिनी बरेच दिवस दिसली नाही. आली ती बाईंचा हात धरून, भर वर्गात. चेहरा असा, की कुणी 'या, बसा'सुद्धा म्हणालं नाही. सरळ माझ्यापाशी गुडघे टेकून बसली आणि शर्टावरून हात फिरवायला लागली. बोलली ती बाईंशी, पण बघत होती माझ्याकडे.

"दुकानात मशीनवरच कोसळले बाबा. मी धावले. सगळं केलं हो, तुम्ही शिकवलं तसं. खांदे हलवले, हाका मारल्या, इस्पितळाची गाडी बोलवायला लावली. दाबत राहिले. शेजारचे म्हणत होते, वहिनी, जोरात दाबा, नाहीतर मला द्या. मी त्यांना ढकललं. म्हटलं, हात लावू नका, मी पास झालेय."



"बाई, मी काकांवर दाबायचे तितकंच दाबलं. तितकंच. मग बाबा का गेले?"

बाईंनी पुढे होऊन दोन बोटं माझ्या छातीवर ठेवली. नुसती दोन बोटं. मी टक्क वाजलो.

बाई सरांकडे वळल्या. करवत कुठेच नव्हती त्या आवाजात. "हे काय केलंत?"

सरांच्या कपाळावर घाम होता, पण जिभेवरची साखर सुटली नव्हती. "बाई, म्हाताऱ्या माणसाचं सांगता येतं का? जोरात दाबून वाचलेच असते, हे डॉक्टर तरी लिहून देतील का?" मग वहिनीजवळ खाली बसले. "तक्रार केलीत तर तुमचंच सर्टिफिकेट रद्द होईल, वहिनी. तुमच्या मैत्रिणींचंही. त्यांची पोटं आहेत या कामावर."

वहिनीच्या मागोमाग आलेली तिच्या तुकडीतली एक मैत्रीण रडायलाच लागली. "अगं, गेलेलं माणूस येणार आहे का परत? माझ्या मुलांकडे तरी बघ!"

वहिनीनं आपले तळवे तिच्यापुढे धरले. "रोज सकाळी देवापुढे दिवा लावते मी. त्या दिवसापासून हात जोडवत नाहीत. खोटे वाटतात. तूही कुणाच्या तरी बाबांच्या उशाशी बसतेस ना गं? त्यांच्या सुनेला काय सांगायचं आपण?"

तिनं पिशवीतून प्रमाणपत्र काढलं आणि माझ्या छातीवर ठेवलं. कागदाचा भार तो केवढा! तेवढ्यानं वाजलो नाही, हीच माझी अब्रू राहिली.

वहिनीनं तक्रार लिहून दिली आणि चौकशी झाली. दोन अधिकारी आले, त्यांनी माझी छाती उघडली, ती लेचीपेची स्प्रिंग पिशवीत घालून मोहोर लावली. सरांना काढून टाकलं. परीक्षकांचं काम काढून घेतलं. दिलेली सगळी प्रमाणपत्रं थांबवली आणि फुकट फेरपरीक्षा ठेवली. कारखान्यातून खरी स्प्रिंग आली आणि बाई पुन्हा शिकवायला आल्या.

पण सगळ्या आल्या नाहीत. काहीजणींनी तो कागद फ्रेम करून भिंतीवर लावला होता, तो उतरवायला त्या तयार नव्हत्या. त्या आजही कुणाच्या तरी घरात, कुणाच्या तरी उशाशी बसल्या असतील, मऊ हातांनी. 

आल्या त्यांनी वहिनीकडे पाठ फिरवली. डब्याच्या वेळी तिच्या शेजारची खुर्ची रिकामी राहायची.  वर्ग सुटला की ती एकटीच माझ्यावर सराव करत थांबायची. मनगटं सुजली, तरी मी गप्पच.

फेरपरीक्षेला बाईंनी पहिलं तिलाच बोलावलं. नवा परीक्षक माझ्या डोक्याशी उभा, डोळे तिच्या हातांवर. तिनं माझे खांदे हलवले. "काका, ऐकू येतंय का?" मग तिचा आवाज फुटला. "बाबा, ऐकू येतंय का?"

तिनं टिचबटणं एका झटक्यात उघडली, कोपरं ताठ केली आणि सगळं अंग माझ्यावर घातलं.

टक्क.

ती थांबली नाही. रडत होती आणि दाबत होती. टक्क, टक्क, टक्क. तुकडीतली ती मैत्रीण पुढे झाली, तिच्या समोर गुडघे टेकून बसली आणि म्हणाली, "दमलीस. सरक, आता मी दाबते."

मी आता जुना झालोय. मानेशी रबर फाटलंय, निळा शर्ट विटलाय, पण टिचबटणं अजून पक्की आहेत. तुम्ही कधी माझ्यापुढे गुडघे टेकलेत तर एवढंच करा. माझ्यावर दया करू नका. मी वाजलो नाही तर रागावू नका. पुन्हा दाबा, अजून जोरात दाबा.

मला दुखत नाही.