चारी दिशांच्या अक्षता

"आधी एवढं सांगा सर, घाई माझ्या ओजसने केली का?"

शुभा दारातच उभी होती. चपलाही काढल्या नव्हत्या. भिंतीवरच्या जिवतीला आघाड्याची माळ घालणारी रेवती तशीच थांबली. श्रावणातल्या शुक्रवारी दाराशी आलेल्या सवाष्णीला हळदीकुंकू आणि दूध-फुटाणे दिल्याशिवाय ती कधी पाठवत नसे.

"शुभाताई, आत या ना. बसा."

"बसायला नाही आले. मुलुंडहून विचारायला आलेय."

श्यामसुंदर खुर्चीतून अर्धवट उठले आणि काठीवर भार देत पुन्हा बसले. जन्मभर त्यांनी मुलांना विमान शिकवलं. मार्चमध्ये घाटापलीकडच्या आखूड धावपट्टीवर त्यांचं छोटं विमान फार पुढे जाऊन टेकलं आणि टोकाशी न थांबता नाल्यात गेलं. त्यांचा पाय मोडला. शेजारी बसलेला ओजस गेला.

"चौकशीत सांगितलंय मी काय ते," ते म्हणाले.

"पोरगं नवशिकं, उतरायची घाई केली. हेच ना? सोसायटीतल्या बायका विचारतात, तुमचा मुलगा उतावळाच होता का हो? रस्ता ओलांडताना चारदा बघायचा, सर. म्हातारा म्हणून चिडवायचो आम्ही त्याला."

"हवेत वेगळं असतं. तुम्हाला नाही कळायचं ते."

"नाहीच कळत. प्रेत कुठून ताब्यात घ्यायचं, तेवढं कळलं."

"अहो, सांगा ना त्यांना," रेवती म्हणाली.

"तू आत जा."

ती गेली नाही. तिचा आवाज नेहमीसारखाच हळू होता. "हॉस्पिटलात तुम्हीच म्हणालात. दोनदा त्याने विमान परत वर घेतलं. लांब जातंय सर, पुन्हा फेरी मारतो, म्हणाला. तिसऱ्या खेपेला तुम्ही म्हणालात, खाली सगळे हसतायत, बसव आता."

"रेवती, लायसन्स जाईल माझं. काय बोलतेयस कळतंय का तुला?"

"कळतंय. चौकशीवाल्यांनाही मी हेच सांगणार आहे."

शुभाने तिच्याकडे रोखून पाहिलं. "आणि इतके महिने जीभ कुठे होती हो तुमची?"

रेवतीने कुंकवाचा करंडा पुढे केला.

"तुमच्या घरचं कुंकू नको मला."

पूजा अर्धी टाकता येईना. रेवतीने तबकातल्या अक्षता उचलल्या. लेक बंगळूरला, लांबच्या मुलांसाठी आई चारी दिशांना अक्षता टाकते. तिचा हात वर झाला आणि थांबला.

"गेल्या श्रावणात मीही टाकल्या," शुभा म्हणाली. "घाटाकडे तोंड करून. यंदा कुठे टाकू?"

शुभाने चपला काढल्या, आत आली, तबकातून स्वतःच्या हाताने चिमूटभर अक्षता घेतल्या आणि मागे न बघता जिना उतरली.

रेवती गॅलरीत गेली. खाली रिक्षा थांबली होती. आत चढताना शुभाने दांडा डाव्या हाताने धरला. उजवी मूठ तशीच मिटलेली होती.