हिरव्या ओळी

रंग मदाम इनआम यांनीच मागितले होते. अलेक्झांड्रियातल्या एका खाजगी इस्पितळाच्या प्रयोगशाळेत त्या तंत्रज्ञ होत्या आणि तिथल्या कंप्युटरवर आमच्या कंपनीचं सॉफ्टवेअर चालायचं. रक्ततपासणीत कुठला आकडा धोक्याचा मानायचा, हे नियम त्यातल्या एका चौकोनात लिहिलेले असत. सगळी अक्षरं काळी, एकाखाली एक, दाटीवाटीने.

“मुली, माझे डोळे आता पूर्वीसारखे नाहीत गं,” त्या फोनवर म्हणाल्या. “परवा एक शून्य वाचायचं राहिलं. आमचे प्रमुख डॉक्टर लबीब म्हणाले, पुन्हा असं झालं तर खाली काउंटरवर बसवीन. सगळा जन्म यंत्रावर गेला, आता काय बाटल्यांवर नावं चिकटवत बसू? जरा रंग भर ना त्यात.”

काम मला आवडलं. प्रोग्रामने मजकूर अक्षर अक्षर वाचायचा, त्याचे तुकडे पाडायचे आणि तुकड्याची जात ओळखून रंग द्यायचा. आकडे निळे, अवतरणातला मजकूर तांबडा, ‘जर’ आणि ‘तर’ जांभळे. खरी अडचण वेगळीच होती. एक अवतरणचिन्ह बंद करायचं राहिलं, की खालचं सगळं पान तांबडं व्हायचं आणि प्रत्येक अक्षर टाइप करताना पान नव्याने रंगवत बसलं तर कंप्युटर धापा टाकायचा. म्हणून प्रत्येक ओळ कुठल्या अवस्थेत संपली, अवतरणाच्या आत की बाहेर, याची नोंद मी ठेवली. ओळ बदलली की तिथून पुढे, अवस्था जुन्या नोंदीशी पुन्हा जुळेपर्यंतच रंगवायचं. ते जमलं तेव्हा मी खुर्चीतून उठून खिडकीपर्यंत जाऊन आले.

राहिल्या बंद केलेल्या ओळी. ओळीच्या सुरुवातीला दोन तिरक्या रेघा दिल्या, की प्रोग्राम तो नियम पाळत नाही. त्यांना रंग कोणता?

“हिरवा,” आमचे साहेब, उस्ताद रऊफ, म्हणाले. “जगातला प्रत्येक प्रोग्रामर असल्या ओळी हिरव्याच बघतो. यात विचारायचं काय, बाशमुहंदिसा?” इंजिनियरबाईंची ही पदवी त्यांच्या तोंडून टोमण्यासारखीच यायची.

“पण हे प्रोग्रामर वापरणार नाहीत. एकदा प्रयोगशाळेत जाऊन दाखवून येते.”

“मुळीच नाही. तू गेलीस की ते चहा पाजतील आणि त्याबरोबर दहा मागण्या गळ्यात मारतील. बस इथेच.”

रंगांची नवी आवृत्ती इस्पितळात गेली. मदामचा फोन आला. “अगं, मूलिदच्या जत्रेसारखं झगमगतंय! आकडे कसे उठून दिसतात. तुझे हात सलामत राहोत. आता बघू कोण मला खाली पाठवतं ते.”

पुढे एकदा पोटॅशियम मोजणारं यंत्र बिघडलं आणि उगाचच धोक्याच्या सूचना देऊ लागलं. पाळीवरच्या एका तरुण डॉक्टरांनी पोटॅशियमच्या नियमापुढे दोन रेघा मारल्या. यंत्र दुरुस्त झालं. रेघा काढायच्या राहिल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मदामनी नेहमीप्रमाणे सगळे नियम वाचून काढले आणि कामाला लागल्या. नियमात न अडकलेले निकाल त्यांच्याकडे न थांबता परस्पर वॉर्डात जात. डायलिसिसच्या एका माणसाचं पोटॅशियम भलतंच वाढलं होतं. तो निकालही तसाच गेला. त्याच्या हृदयाचे ठोके चुकायला लागले तेव्हा नर्सच्या लक्षात आलं. तो वाचला, पण थोडक्यात.

चौकशीसाठी आम्हाला बोलावलं तेव्हा ती प्रयोगशाळा मी पहिल्यांदा पाहिली. टेबलावर अहवालांचा गठ्ठा होता आणि प्रत्येकावर हिरव्या शाईत सही. डॉक्टर लबीब यांच्या खिशातलं पेनही हिरवं.

“ओळ हिरवी होती, डॉक्टर,” मदाम म्हणाल्या. “इथे हिरवं तुमच्याशिवाय कोण लिहितं? मला वाटलं, तुम्ही तपासून मंजूर केलीय. बाकीच्या अजून व्हायच्या असतील.”

“आणि पुढच्या दोन रेघा?” डॉक्टर लबीब यांनी विचारलं.

“दिसल्या. बरोबरची खूण असेल, असं वाटलं.”

मी म्हणाले, “चूक यांची नाही. तो रंग मी दिला. तुमच्याकडे हिरव्याचा अर्थ काय, हे आम्ही विचारायलाच आलो नाही. आणि नियम बंद कोणी केला होता?”

पाळीवरचे ते तरुण डॉक्टर समोरच बसून फोन चाळत होते.

उस्ताद रऊफ हसून म्हणाले, “मुलगी अजून शिकतेय, डॉक्टर. हिरवा रंग जगभर चालतो. मदामचे डोळे तेवढे चालत नाहीत.”

डॉक्टर लबीबही हसले. तिथेच निकाल लागला.

परत आल्यावर मी त्या ओळी करड्या केल्या आणि मधून आडवी रेघ मारली. चहा गार व्हायच्या आत काम झालं. नव्या आवृत्तीच्या माहितीत साहेबांनी लिहिलं, ‘दिसायला आणखी सुबक.’

सुट्टीच्या दिवशी, कोणालाही न विचारता, मी इस्पितळात गेले. मदाम तळमजल्यावर काउंटरच्या काचेमागे होत्या. नाव लिहिताना त्यांचं नाक कागदाला टेकत होतं.

“बदलला रंग,” मी म्हणाले. “आता करडा आहे. वर रेघसुद्धा मारलीय. कोणाचाच गोंधळ होणार नाही.”

“चांगलं दिसत असेल,” त्या म्हणाल्या. “वर जाऊन दाखव त्यांना. मला इथून दिसत नाही.”

मग लेबल फाडून बाटलीवर चिकटवत त्यांनी माझ्या मागच्या माणसाला विचारलं, “नाव?”