ट्रेमध्ये न टाकलेली पट्टी

बावीस वर्षं मी ईसीजी काढते. आमच्याकडची पद्धत अशी, की पट्टी काढायची, ट्रेमध्ये टाकायची आणि तोंडाला कुलूप लावायचं. वाचायचं डॉक्टरांनी, तेही राउंड संपल्यावर. माझ्या तोंडाला कुलूप बसत नाही, हे सासूबाईंनी कधीच जाहीर केलंय.

त्या सकाळी शिवणकाम करणारी सव्वीस वर्षांची पोरगी आली. चार दिवस ताप, उलट्या. पित्ताची गोळी देऊन घरी पाठवायचं जवळजवळ ठरलं होतं, ईसीजी आपला नावाला. क्लिपा लावताना तिचे पाय हाताला लागले, तर थंडगार. कागदावर ठोके पळत होते, पण बुटके, दम नसलेले. असलं मी पूर्वी एकदाच पाहिलं होतं आणि ती पट्टी मुकाट्याने ट्रेमध्ये टाकली होती. ती बाई दुपारपर्यंतही टिकली नाही.

मी पट्टी घेऊन थेट मीटिंगमध्ये घुसले. हृदयाचे मोठे डॉक्टर चहा पीत होते.

“ताई, ट्रे कशाला ठेवलाय?”

“ट्रेला जीव नाही साहेब, पोरीला आहे. आधी बघा.”

त्यांनी बघितलं आणि चहा तसाच टाकून उठले. दहा मिनिटांत इको झाला. पडद्यावर तिचं हृदय नुसतं थरथरत होतं.

“हृदयाच्या स्नायूलाच सूज आलीय,” ते म्हणाले. “त्या स्नायूचा बारीक तुकडा काढून तपासायला पाठवा, पण रिपोर्टसाठी थांबू नका. सुजेचं औषध आत्ता सुरू करा. मशीन आणा.”

तिची आई दाराशी उभी होती. “तिचे बाबा निघालेत. ते आल्यावर मशीनच्या कागदावर सही केली तर?”

“मावशी, तोवर हृदय थांबेल,” डॉक्टर म्हणाले. “सूज उतरेपर्यंत रक्त मशीन फिरवेल. उतरेलच असं वचन देत नाही. पण हातावर हात धरून बसणार नाही.”

आईने पेन मागितलं. तिथल्या तिथे सही केली.

पाच दिवस मशीन चाललं. सहाव्या दिवशी, तिचं हृदय आता स्वतः पेलतंय का बघायला, डॉक्टरांनी त्याचा वेग हळूहळू उतरवला. रक्तदाब घसरला. मी तर देवाशी चक्क भांडत होते. मग आकडा घसरायचा थांबला आणि तिथेच टिकला.

“चालतंय,” डॉक्टर म्हणाले.

“मशीन?” आईने विचारलं.

“नाही मावशी. तिचं तिचं.”

सहा दिवस डोळ्यांतून टिपूस न काढलेली ती बाई खाली फरशीवरच बसली आणि हमसून रडायला लागली. मीही.