पुरुषांच्या रकान्यातला एक जण

संस्थेत सगळे तिला आकडेबाई म्हणायचे, अगदी तोंडावरसुद्धा, आणि तिला त्याचं काही वाटायचं नाही. दुसऱ्यांनी गोळा केलेल्या आकड्यांवर संशय घेणं हेच तिचं काम होतं आणि ते ती घरीदारी सगळीकडे करायची. भाजीवाल्याचा काटा, नातेवाइकांनी सांगितलेली वयं, "पाच मिनिटांत पोचतो" असं फोनवर सांगणारी माणसं, यांपैकी कशावरही तिचा पटकन विश्वास बसत नसे. धाकटा भाऊ म्हणायचा, "ताईला गुड मॉर्निंग म्हटलं तरी ती खिडकीतून बघून खात्री करते."

त्या वर्षी विभागप्रमुख डॉक्टरसरांचा एक अभ्यास तिच्याकडे आला. पंचवीस बायका आणि पंचवीस पुरुष घ्यायचे, छातीला पट्टा बांधायचा, ठरलेल्या तालावर एका पायरीवर चढउतार करायला लावायची आणि हृदयाचे ठोके किती वाढतात ते बघायचं. सारख्याच व्यायामाने बाईचं हृदय पुरुषापेक्षा जास्त जोरात धावतं का, एवढाच प्रश्न. सरांच्या मते धावतं. नुसतं मत नव्हतं, एका परिषदेत ते तसं छातीठोकपणे बोलूनही बसले होते.

आकडेबाईने हिशेब मांडला. बायकांचे ठोके सरासरीने जास्त वाढले होते खरे, पण पुरुषांमध्ये एक जण, सतरा नंबरचा, भलताच निघाला. इतरांचे ठोके पायरीवर दीडपट-दुप्पट होत होते, तर हा गडी जेमतेम हलला होता. त्याला धरलं तर बायका-पुरुषांतला फरक ठळक दिसत होता. त्याला वगळलं की तोच फरक इतका बारीक होई, की निव्वळ योगायोगानेही पडला असता.

म्हणजे सरांचा सगळा सिद्धान्त एका माणसाच्या खांद्यावर उभा होता. पाणी कुठेतरी मुरतंय, हे तिला तेव्हाच वाटलं.

"खेळाडू असेल," सर चष्मा पुसत म्हणाले. "कसलेल्या माणसाचं हृदय असं एकदम उधळत नाही. राहू द्या त्याला."

खुलासा चुकीचा नव्हता, म्हणून तर तिला तो जास्त खुपला. सर एरवी तिच्याशी वाद घातल्याशिवाय मानत नसत आणि आज एका वाक्यात मोकळे झाले होते. आकडा घुसवलेला तर नाही?

ती तडक मोजमापाच्या खोलीत गेली. तिथली टेक्निशियन पट्टे ओल्या फडक्याने पुसून खुंटीला लावत होती.

"हा सतरा नंबरचा माणूस खरंच आला होता का?" आकडेबाईने विचारलं.

टेक्निशियनचे हात थांबले. "म्हणजे? मी घरी बसून आकडे लिहिले?"

"तसं म्हणाले का मी?"

"बाई, तुम्ही म्हणत काहीच नाही, नुसतं बघता. आम्हाला कळतं." तिने पट्टा खुंटीवर आदळला. "नावं तुम्हाला सांगायची नाहीत असा नियम आहे. पण त्याला परत बोलावते. उद्या दुपारी या आणि तुमच्या डोळ्यांनी बघा."

घरी येते न येते तोच भावजयीचा फोन आला. ती घाईघाईने कुजबुजत होती.

"ताई, तुम्हाला म्हणून सांगते, ह्यांचं काहीतरी चाललंय. परवा केस कापायला म्हणून गेले आणि दोन तासांनी तसेच झिपरे घेऊन परत आले. म्हणे दुकान बंद होतं! फोन उलटा ठेवतात. कपाटाच्या एका खणाला कधी नव्हे ते कुलूप आलंय. दुसरं काय समजायचं मी?"

"अगं, तो? त्याला एक बायको सांभाळता येत नाही," आकडेबाई हसून म्हणाली. पण फोन ठेवल्यावर तिचं हसू मावळलं. भावाला ती लहानपणापासून ओळखत होती. लपवाछपवी त्याला जमत नसे, आणि न जमणारी गोष्ट माणूस करू लागला की कारण मोठं असतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती मोजमापाच्या खोलीत आधीच जाऊन बसली. दार उघडलं आणि आत आला तो तिचा भाऊ.

अभ्यासाला पुरुष कमी पडत होते तेव्हा तिनेच त्याला गळ घातली होती. तो येऊन गेला, एवढंच तिला ठाऊक होतं. तिला बघून त्याचा चेहरा पडला.

"तू कशी इथे?"

"बांध पट्टा," ती म्हणाली.

तो पायरीवर चढू-उतरू लागला. पोट शर्टाच्या गुंड्यांशी भांडत होतं. थोड्याच वेळात कपाळावर घाम आला, तोंड उघडं पडलं, तो धापा टाकू लागला. हा कुठला खेळाडू! पण पडद्यावरचा आकडा आरामखुर्चीत बसल्यासारखा जागच्या जागी होता. कोणीतरी त्याच्या हृदयाला लगाम घातला होता.

"पुरे, थांब," ती म्हणाली. जिन्यात गाठून तिने त्याला विचारलं, "ठोके आवरायची गोळी कधीपासून घेतोस?"

"कसली गोळी?"

"माझ्याशी खोटं बोलू नकोस. तुला येत नाही."

तो जिन्याच्या पायरीवर बसला. "चार-पाच महिने झाले. छातीत दुखलं होतं. डॉक्टर म्हणाले, घाबरण्यासारखं नाही, पण गोळी चुकवायची नाही. मधूनमधून तपासायला बोलावतात."

"केस कापायला जातोस ते तिथे?"

तो ओशाळला. "तिला सांगणार नाहीस ना? तिचे वडील जेवता जेवता गेले, तिच्या डोळ्यांदेखत. तिला कळलं तर ती झोपायची नाही."

"मग इथे कशाला तडफडलास? आणि विचारलं तेव्हा औषध घेत नाही म्हणून कसं सांगितलंस?"

"यायला नाही म्हटलं असतं तर तू शंभर प्रश्न विचारले असतेस!"

तो खरं बोलत होता.

तिने सरांना एवढंच सांगितलं की सतरा नंबरचा माणूस हृदयावरचं औषध घेतो, त्याला वगळायला हवं. सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाले, "म्हणजे फरक गेला." आकडा त्यांनी घुसवला नव्हता, फक्त सोयीचा होता म्हणून जवळ केला होता. टेक्निशियनची तिने माफी मागितली. ती "बरं" म्हणाली आणि पाठ फिरवून पट्टे पुसत राहिली.

भावाला तिने बजावलं होतं, "मी सांगणार नाही. तू सांगायचंस, याच आठवड्यात." तो नुसता मान हलवायचा. रविवारी भावजय स्वतःच तिच्या दारात उभी राहिली. आत येऊन बसलीसुद्धा नाही.

"ताई, तुम्हाला काहीतरी माहीत आहे."

"कशावरून?"

"मी परवा पुन्हा फोन केला तर तुम्ही एकही प्रश्न विचारला नाहीत. तुम्ही! कोण आहे ती?"

इकडे आड, तिकडे विहीर. अभ्यासात कळलेलं बाहेर बोलायचं नाही हा नियम तिनेच सगळ्यांना घोकून घोकून शिकवला होता. आणि समोर ही बाई डोळे सुजवून उभी होती. जन्मभर दुसऱ्यांकडे रोखून बघणाऱ्या आकडेबाईला पहिल्यांदाच कोणाच्या नजरेला नजर देता येईना.

"मी सांगू शकत नाही," ती म्हणाली.

"म्हणजे आहे! शेवटी तुम्ही त्यांच्याच!"

आकडेबाईने तिच्यासमोरच भावाला फोन लावला. "आत्ता इकडे ये. ती इथेच आहे."

तो आला आणि दारातच उभं राहून त्याने सगळं सांगून टाकलं, खाली बघत, शाळेत चूक कबूल करावी तसं. भावजयीने ऐकून घेतलं.

"दुसरी बाई नाही?"

"नाही गं."

ती आधी हसली, मोठ्याने, अगदी हुश्श करून. मग मटकन खाली बसली आणि रडायला लागली. मग उठून तिने नवऱ्याच्या दंडावर दोन गुद्दे मारले आणि लगेच घाबरून विचारलं, "लागलं का? दुखतंय का छातीत?"

"दंडावर मारलंस," तो म्हणाला.

पुढे भाऊ बायकोबरोबर उघडपणे तपासायला जाऊ लागला आणि चार पावलं चालूही लागला. आकडेबाईने उरलेल्या सगळ्यांना औषधांबद्दल पुन्हा, एकेकट्याला विचारायला लावलं. आणखी दोघं निघाली, त्यांत एक बाई. त्यांनाही वगळलं. एवढ्या माणसांवरून फरक सांगता येत नाही, असा अहवाल सरांनी तोंड वाकडं करून पाठवला.

भावजय नवऱ्यावर फार दिवस रागावली नाही. नणंदेवरचा राग मात्र राहिला. आता ती दर रविवारी फोन करते, इकडचं तिकडचं बोलते आणि शेवटी विचारते, "ताई, आणखी काही नाही ना?"

"नाही गं."

"खरंच?"

"खरंच."

तिचा विश्वास बसेपर्यंत आकडेबाई फोन कानाला लावून थांबून राहते.