तीन बोल्टांचा पंप

सासूबाईंच्या जुन्या गाडीचा वॉटर पंप गळायला लागला आणि मुलानं निकाल देऊन टाकला. रविवारपर्यंत गाडी सुरू झाली तर ठीक, नाहीतर ती भंगारात आणि शेडमध्ये सुनेची चार शिलाई मशिनं. सासूबाई चाळीस वर्षं स्वतः गाडी चालवत आल्या होत्या. कुठं जायचं झालं की मुलाच्या तोंडाकडे बघत बसायचं, हे त्यांना मरेपर्यंत जमणारं नव्हतं.

अक्षरांशी त्यांचं फारसं सख्य नव्हतं, म्हणून गाडीच्या पुस्तकातला पार्टचा नंबर वाचायला सून बरोबर. तीन दुकानं झाली. पहिल्यानं असा पार्ट आता बनतच नाही म्हणून हात वर केले. दुसरा नुसता हसला. तिसऱ्यानं बाहेरून मागवून देतो म्हणत असा भाव सांगितला की सासूबाई म्हणाल्या, "मी पंप मागितलाय, तुझं दुकान नाही."

चौथं दुकान रस्त्याच्या टोकाला, जुन्या मालाचं. छताला लटकलेले पट्टे, खोक्यांत गॅस्केटं आणि कळकट काउंटरमागे कपाळावर चष्मा चढवलेला दुकानदार. सुनेनं गाडी कुठली ते सांगून नंबर वाचायला तोंड उघडलं तसा तो म्हणाला, "नंबर राहू द्या, ताई. नंबरावर माल दिला की दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक दारात भांडायला हजर. जुना पंप आणा."

"काही गरज नाही," सासूबाई तटकन म्हणाल्या. "गाडी कंपनीतून आली तशी आहे. एक स्क्रू बदललेला नाही."

"आणलाय की मी," म्हणत सुनेनं पिशवीतून पंप काढला. मेकॅनिकनं खोलून ठेवलेला, वर्तमानपत्रात गुंडाळलेला.

"तुला कुणी सांगितला होता हा शहाणपणा?"

"कापड आणायला जाताना नमुना नेतेच ना मी, आई."

दुकानदारानं चष्मा नाकावर आणला आणि पंप उलटा केला. "मावशी, हा तुमच्या गाडीचा नाहीच. तिला चार बोल्ट, ह्याला तीन. हा मालाच्या व्हॅनचा. असले ढिगानं पडलेत माझ्याकडे, अगदी स्वस्तात देतो. पण त्या व्हॅनला इंजिनं दोन तऱ्हेची आली. पंप वरून सारखे, आतला पंखा वेगळा. ह्याचा तर पंखाच झडून गेलाय. तुमच्या गाडीत कुठल्या व्हॅनचं इंजिन बसवलंय ते सांगा. विकलेला माल मी परत घेत नाही."

सासूबाई काउंटरजवळच्या स्टुलावर टेकल्या. सुनेनं त्यांच्याकडे पाहिलं आणि लगेच ती लटकलेले पट्टे निरखायला लागली.

सव्वीस वर्षं सासूबाई आख्ख्या गल्लीला ऐकवत होत्या, अस्सल गाडी, अस्सल इंजिन. नवी सून नकली मोत्यांची माळ घालून बाहेर आली तेव्हा भर पाहुण्यांत म्हणाल्या होत्या, "आमच्या घरात गाडीसुद्धा खरी असते." आता नवरा हयात नव्हता. इंजिनाची गोष्ट जाणणारं त्यांच्याशिवाय कुणी उरलं नव्हतं. नाक वर करून उठून जाता आलं असतं. पण उठलं की गाडी गेली.

"बेकरीच्या व्हॅनचं," त्या म्हणाल्या. "मागून ट्रकनं ठोकलेली. इंजिन शाबूत होतं. चौकोनी दिव्यांची."

"म्हणजे नंतरचं इंजिन. कुणी बसवून घेतलं?"

"मी. सव्वीस वर्षं झाली. गाडीचा एक पार्ट घ्यायचा म्हणजे महिनाभर घरानं पोटाला चिमटा काढायचा. ह्यांना सांगितलं, व्हॅनचं इंजिन टाका नाहीतर गाडी विका. दोन दिवस जेवले नाहीत. मग टाकलं, आणि कुणाला सांगू नकोस म्हणाले. नाही सांगितलं."

"बरं केलंत, मावशी. म्हणून तर गाडी आजवर पळाली."

"तुझं सर्टिफिकेट नको. गॅस्केट दे बरोबर."

सून अजून पाठ करूनच उभी होती. खांदे हलत होते.

"हसतेस का?"

"नाही, आई."

"हसतेसच. हस."

रविवारी सकाळी सासूबाईंनी गाडीत बसून किल्ली फिरवली आणि इंजिन धडधडलं. खाली पाण्याचा थेंब नाही. मुलगा दारात आला. "मिळाला म्हणजे अस्सल पार्ट?"

सून पिशवीच्या बंदांशी चाळा करत राहिली.

"व्हॅनचा आहे," सासूबाई म्हणाल्या, शेजाऱ्यांच्या खिडकीत ऐकू जाईल इतक्या खणखणीत. "इंजिनही व्हॅनचंच आहे."

त्यांनी शेजारच्या सीटचं दार आतून ढकलून उघडलं आणि त्या सुनेला म्हणाल्या, "बस. बाजाराच्या मागं एक खोली भाड्यानं द्यायची आहे म्हणतात. तुझ्या मशिनांना उजेड किती लागतो ते तुला कळतं, मला नाही."