तळ्याचा कातळ

"भिमाजीभाऊ, हितं सुरुंग घालायचा न्हाई," पहार बाजूला ठेवत शौकतभाई म्हणाले.

आहुप्याच्या अलीकडची ही डोंगरावरची वाडी. चैत्र लागला की तळ्यात चार हंडे पाणी उरायचं, म्हणून वाडीने ते खोल करायचं ठरवलं आणि जुन्नरहून शौकतभाईंना बोलावलं. चाळीस वर्षं विहिरींत सुरुंग उडवलेला माणूस. पहार आपटली की आवाजावरून दगडाची जात सांगायचा.

"घाबरलात का काय?" वाडीचा कारभारी भिमाजी हसला. "दोन पुरुस खाली गेलं की पाणीच पाणी!"

"समोरचा कडा बघा. वर अखंड काळा कातळ, त्याच्याखाली भोकाभोकाचा दगड. तळ्याखाली बी तसंच हाय. वरचा थर फुटला तर पाणी चाळणीतून गेल्यावानी जाईल."

"तुमाला कसं ठावं?"

शौकतभाई पहारेच्या टोकाची माती पुसू लागले. तेवढ्यात ठमाबाई चहा घेऊन आल्या. सत्तरीच्या, अनवाणी, टाचांना खोल भेगा.

"ऐका त्यांचं," त्या म्हणाल्या. "माझ्या माहेरी, जांभूळमाळाला, तळं असंच खोल क्येलं. त्याच साली आटलं. लोक म्हनलं, देवी कोपली. पाणी येईस्तवर आईनं वहाणा सोडल्या. ती गेली, मंग मी सोडल्या."

शौकतभाईंनी चहा न पिताच खाली ठेवला. तीस वर्षं ते मूग गिळून बसले होते. आता बोललं तर तालुकाभर बोभाटा होणार, पुन्हा कोणी विहिरीवर उभं करणार नाही. पण त्या टाचांवरून त्यांची नजर हलेना.

"देवी न्हाई कोपली, आक्का. त्यो सुरुंग मी घातला व्हता. पाणी खाली जाताना मी डोळ्यानं बघितलं. सांगायची छाती झाली न्हाई."

भिमाजीचं हसू मावळलं. ठमाबाई तळ्याकडे बघत राहिल्या. एवढ्याशा पाण्यात समोरचा अख्खा कडा उतरला होता.

"आईला कळाया पायजे व्हतं," एवढंच त्या म्हणाल्या आणि त्यांनी डोळ्याला पदर लावला.

शौकतभाईंनाही रडू आवरेना. त्यांनी आपल्या वहाणा काढल्या, रुमालाने पुसल्या आणि ठमाबाईंपुढे ठेवल्या.

"आन तुमी?"

"मला गाडीपातुरच जायाचंय."

गाडी डोंगराच्या पायथ्याला होती. ठमाबाईंनी वहाणांत पाय घातले. वहाणा पायाला मोठ्या होत होत्या. पहिलं पाऊल टाकायला त्यांना भिमाजीचा हात धरावा लागला.

शौकतभाई पहार खांद्यावर टाकून तापलेल्या कातळावरून खाली उतरू लागले.