क्रेनवालीचं पाठांतर

कामावर तिला सगळे क्रेनवाली म्हणत. उंच शिडी चढून ती काचेच्या केबिनमध्ये बसायची आणि लोखंडी सळयांचा भारा असा अलगद टेकवायची, की मुकादम म्हणायचा, "हिच्या हातून अंडंसुद्धा फुटणार नाही!"

एके दुपारी भाऱ्याचा पट्टा तुटला. एक सळई उसळून खाली इशारे देणाऱ्या माणसाच्या खांद्यावर बसली. शिट्टी म्हणायचे त्याला. हाड मोडलं, जीव वाचला. चौकशीत निघालं, पट्टा आतूनच कुजला होता. तिचा दोष नव्हता. कागदावर ती सुटली, मनातून नाही.

परत शिडीवर पाय ठेवला की डोक्यात एकच पालुपद सुरू व्हायचं : तू पाडलंस, पुन्हा पाडशील, या वेळी जीव जाईल कुणाचा तरी. दोन पायऱ्या चढून ती खाली उतरायची. शेवटी मुकादमानं तिला गोदामात बसवलं. "बरं वाटेपर्यंत," तो म्हणाला. तो चांगल्या मनानं बोलला, पण तिला ते जखमेवर मीठ चोळल्यासारखं लागलं.

घरी सासरे होते. जन्मभर चर्चमध्ये शास्त्रपाठ वाचलेला माणूस. अर्धांगवायूचा झटका आला आणि आता "पाणी" म्हणतानाही घाम फुटायचा. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "त्यांच्या ओळखीचं काहीतरी रोज म्हणवून घ्या." म्हणून ती बायबल घेऊन बसू लागली. त्यांच्यासाठी. स्वतः प्रार्थना करायचं त्राण तिच्यात उरलं नव्हतं.

"म्हणा बाबा. भिऊ नकोस, मी तुझ्याबरोबर आहे."

"भि… भिजू नकोस."

"भिऊ, बाबा! देव काय छत्री देतोय?"

दोघं इतके हसले, की तिचा नवरा कालथा हातात घेऊन स्वयंपाकघरातून धावत आला. कित्येक दिवसांनी त्या घरात ती हसली होती.

ओळ बाबांच्या जिभेवर बसेना. ती पुन्हा पुन्हा म्हणायची, भांडी घासतानासुद्धा. पाठ झाली ती आधी तिचीच. मग एका संध्याकाळी तिनं बाबांना सगळं सांगून टाकलं : शिडी, ते पालुपद, झोपेत दिसणारी सळई.

बाबा बराच वेळ शब्द जुळवत राहिले. "तो विचार… बोलतो. आणि तू… गप्प?"

"काय बोलू त्याला?"

त्यांनी बायबलच्या उघड्या पानावर बोट ठेवलं.

दुसऱ्या दिवशी गोदामात विचार आला, तसं तिनं वचन मोठ्यानं म्हटलं. विचार काही शेपूट घालून पळाला नाही. थोड्या वेळानं परत आला. तिनं परत म्हटलं. कधी तो वरचढ व्हायचा, कधी ती. मग तिनं दुसरं वचन पाठ केलं, मग तिसरं. बाबाही मागोमाग अडखळत म्हणायचे. हळूहळू तिला उमगलं, की आता उत्तर आधी येतं आणि विचार उशिरा.

छताची मोठी तुळई चढवायचं ठरलं, तेव्हा शिट्टी बरा होऊन कामावर आला होता. तो मुकादमाला म्हणाला, "खाली मी उभा राहतो. पण वर ती असेल तरच."

"तुला भीती नाही वाटत?" तिनं विचारलं.

"वाटते ना. म्हणून तर चांगला माणूस मागतोय."

ती चढली. 'तो तुझा पाय घसरू देणार नाही,' प्रत्येक पायरीला ती पुटपुटत होती. केबिनमध्ये बसली. तुळई उचलली गेली, अर्ध्यावर आली आणि वारा सुटला. तुळई झुलू लागली. पाडशील!

"भिऊ नकोस, मी तुझ्याबरोबर आहे!" ती ओरडलीच. केबिनमधलं खालच्यांशी बोलायचं यंत्र चालूच होतं. खाली सगळ्यांनी ऐकलं.

यंत्रातून शिट्टीचा आवाज आला, "आमेन! आता वारा पडू दे, मग जरा डावीकडे."

तिनं हात आवरले, वाट पाहिली. झोका मंदावला. एक वीत डावीकडे, एक बोट खाली, आणि तुळई आपल्या खोबणीत अशी बसली जशी तिथेच जन्मली होती.

खाली हेल्मेटं हवेत उडाली. काचेआड ती मोकळेपणी रडली, डोळे पुसले.

"खाली ये, पाणी पी," मुकादम म्हणाला.

"पाणी नंतर," ती म्हणाली. "दुसरी तुळई बांधा."